तिसऱ्या चंबूतला वास

प्रिय याती,

त्या सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, अंगण झाडलं, आणि यासीनचे चार सदरे धुऊन तारेवर घातले. ते मशिदीत देऊन टाकायचे होते. मग गॅसवर तवा ठेवला आणि आंबवलेल्या कोळंबीच्या बेलाचानची वडी भाजायला घेतली. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. नवऱ्यामागचे माझे इद्दतीचे दिवस चालू होते, घराबाहेर पडायचं नव्हतं, आणि एकट्या बाईला सांबलची चटणी लागते तरी किती? तरी हातानं दोघांपुरता तुकडा तोडला. मी तव्याकडे पाठ करून मिरच्यांची देठं खुडत उभी होते. तेवढ्यात शेजारच्या लेचुमी अक्कांनी खिडकीतून हाक मारली, "मुनाह! अगं घर पेटवलंस की काय? आज शुक्रवार माझा, देवापुढे बसलेय मी, आणि माझ्या उदबत्तीच्या आधी तुझी कोळंबी देवाला पोचली!" मी वळून बघितलं. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. तव्यावर कोळसा झाला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते त्या दिवसांत रोजच यायचं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. तुला माहीत आहे, बेलाचान भाजला की सात घरं पलीकडे कळतं. मला काही म्हणजे काही वास आला नव्हता.

हे पत्र बघून तुला नवल वाटेल. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला मुलगी झाली तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्याजणी भेटायला आल्या, मी मात्र पाठ दुखते म्हणाले. पाठ दुखत नव्हती. तू फोन केलास तेव्हा मी वाजणाऱ्या फोनकडे बघत बसले. तू फार शहाणी मुलगी आहेस, कदाचित तुला कारण कळलंही असेल. पण जे सांगायला हवं ते न सांगता समोरच्याला कळलं असेल असं धरून चालणं, हाही एक पळपुटेपणाच.

मी शाळा तिसऱ्या फॉर्मनंतर, पंधराव्या वर्षी, सोडली. पाणी शुद्धीकरण केंद्रात मी लागले ती काचेची भांडी धुवायला. बाटल्यांवरची नावं वाचता वाचता रसायनांची नावं शिकले, कपाटातले जुने अहवाल दुपारच्या सुट्टीत वाचले, तू मला पुस्तकं आणून द्यायचीस ती तर दोनदोनदा. पण मला वर चढवलं ते वाचनानं नाही, नाकानं. एकदा धुतलेल्या चंबूला साबणाचा वास राहिलाय असं मी म्हणाले आणि साहेब हसले, मग तपासलं तर खरंच राहिला होता. तेव्हापासून मी वास घेणाऱ्या पाचजणांत बसू लागले. पाणी कोमट करायचं, बिनवासाच्या पाण्यात पातळ करत न्यायचं, चंबू ओळीनं मांडायचे, हुंगायचं आणि चिठ्ठीवर वास आला तर अधिक, नाही तर उणे लिहायचं. ठरल्यापेक्षा जास्त अधिक आले की केंद्र बंद, आणि तीन जिल्ह्यांचे नळ कोरडे. आदल्या दिवशी डुरियनचं फळ खायचं नाही, सकाळी अत्तर नाही, कपाळाला तेल-मलम नाही. यासीन आख्ख्या मोहल्ल्याला सांगत फिरायचे, "माझ्या बायकोचं नाक सरकारी मालमत्ता आहे. तिच्यापुढे शिंकायचं तरी परवाना लागतो." स्कूल बस चालवणारा माणूस, पण माझ्या नाकाचं कौतुक बसमधल्या पोरांनाही ऐकवायचा.

त्या महासाथीत आम्ही दोघं एकदमच आजारी पडलो. मी घरी आले, ते आले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईल, काहींना वेळ लागतो. मी वाट बघितली. लवंगेचं तेल हुंगलं, कॉफी हुंगली, लेचुमी अक्कांचा कापूर मागून आणला. इद्दत संपली आणि मी कामावर निघाले, तेव्हा ठरवून निघाले होते की आत शिरल्या शिरल्या सांगायचं. आत शिरले तर टेबलावर तुम्ही सगळ्यांनी खोबऱ्याची कुइह मांडून ठेवलेली. बद्रुल साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "चला, केंद्राचं नाक परत आलं!" तू माझ्या गळ्यात पडलीस. मी कुइह खाल्ली. तोंडात साखरेचा गोडवा होता, बाकी कापूस. मी म्हटलं, उद्या सांगेन.

तो उद्या चार वर्षं लांबला. तू विचारशील, जमलं कसं? जमतं, याती. बहुतेक दिवस पाण्याला वास नसतोच, त्यामुळे उणे लिहिलं की बरोबर. चंबू पातळ ते घट्ट असे मांडलेले असतात, त्यामुळे अधिक आलेच तर शेवटी येणार, हे ठरलेलं. आणि आमच्या मध्ये लाकडी पडदे असले तरी ते आवाज अडवत नाहीत. ज्याला वास येतो तो काचेचं टोपण पटकन परत लावतो. ज्याला येत नाही तो सावकाश. मी चार वर्षं टोपणं ऐकली. वर्षातून एकदा सगळ्यांच्या नाकाची परीक्षा व्हायची, पण ती घ्यायची मीच. परीक्षा घेणारीची परीक्षा कुणाला सुचली नाही. नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले असं मी स्वतःला सांगायचे. ते खोटं आहे. मला दुसऱ्या कुठल्याही टेबलावर काम दिलं असतं. मी गप्प राहिले कारण यासीन ज्या बाईचं कौतुक करायचे ती बाई गेली, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आता तिसऱ्या चंबूची ती सकाळ, माझं नाक जाऊन दीड वर्ष झाल्यावरची. ईदला एकच दिवस उरला होता. घराघरांत मटणाचं रेंदांग शिजायचं होतं, केतुपातची हंडी चढायची होती, पाहुणे यायचे होते. बद्रुल साहेब सकाळीच म्हणाले होते, "आज नळ बंद करायची वेळ आली तर लोक मला केतुपातसारखे पानात गुंडाळून उकळतील." सगळे हसले. तुला पाचवा महिना होता. पहिले दोन चंबू झाले, आणि तिसऱ्याला, शेवटच्याला, तुझं टोपण पटकन बसलं. एकट्या तुझंच. बाकीचे तीन सावकाश. तिघं विरुद्ध एक, म्हणून मी तिघांच्या बाजूनं गेले. ही माझी त्या दिवसांतली पद्धत. तू मात्र पडद्याबाहेर आलीस. एरवी तू साहेबांसमोर हळू बोलायचीस, त्या दिवशी बोललीस, "साहेब, वास आहे. नखांचं पॉलिश असतं ना, तसा. पण गोड. पांदानचं पान पाण्यात कुजल्यासारखा." साहेबांनी स्वतः हुंगलं, नाही म्हणून मान हलवली, आणि मग माझ्याकडे, सगळ्यांच्या मावशीकडे, वळले. "मक चिक मुनाह, तुमचं नाक काय म्हणतं?"

मी उठले, याती. तुझ्या हातातून चंबू घेतला. टोपण काढलं, डोळे मिटले, दोनदा लांब श्वास घेतला, जसा मी पूर्वी घ्यायचे तसाच. आणि म्हणाले, "काही नाही. उकळून गार केलेलं पाणी." एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण तू माझ्याकडे बघत राहिलीस, आणि मला ती नजर सोसेना, म्हणून मी पुढे म्हणाले, "पोटुशी बाईला काय, नवऱ्याच्या सपातांनाही गुलाबाचा वास येतो." सगळे खो खो हसले. तूही हसलीस. हसता हसता तू चंबू परत माझ्या हातातून घेतलास आणि टोपण नीट लावून जागेवर ठेवलास. ते मी कधी विसरले नाही.

नळ चालू राहिले. ईद झाली. पंधरा दिवसांनी तुला नोंदवहीच्या कामाला दुसऱ्या गावी पाठवलं, आणि कागदावर कारण लिहिलं की हिचं नाक सध्या भरवशाचं नाही. खाली ज्येष्ठ सदस्य म्हणून सही माझी आहे. त्या ईदला तू माहेरी सगळ्यांना विकतचं पाणी प्यायला लावलंस आणि तुझ्या भावजयीनं तुझी टर उडवली, हेही माझ्या कानावर आलं. ऐकून मी म्हणाले होते, पोरगी हट्टी आहे.

आता नवीन गोष्ट सांगते. गेल्या वर्षी विद्यापीठातून डॉ. तेओ आल्या. काडीसारख्या बारीक, डब्यातून रोज तांदळाची पेज आणणाऱ्या, आणि पहिल्या दिवशी भांडी धुण्याच्या खोलीत येऊन मलाच विचारणाऱ्या, की साबण कोणता वापरता. सरकारनं पाणी तपासायची पद्धत बदलावी म्हणून त्या राज्याराज्यांतून फिरतात. त्यांनी साहेबांच्या खोलीत सांगितलं ते मी चहा देताना ऐकलं. "तुमच्याकडे यादी आहे. यादीत एकशे वीस नावं. तुम्ही पाण्याला एकेक नाव पुकारून विचारता, आहेस का? नाही. आहेस का? नाही. यादी संपली की म्हणता, पाणी स्वच्छ. पण एकशे एकविसावा आत येऊन बसला असेल तर? त्याचं नाव कुणी पुकारलंच नाही. मी म्हणते, नावं पुकारू नका. आत जे जे बसलंय त्या सगळ्यांची नोंद यंत्राला करू द्या. आज ज्याची ओळख पटत नाही त्याची उद्या पटेल, आणि नोंद ठेवली असेल तर मागे जाऊन बघता येईल तो कधीपासून येतोय."

जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "डॉक्टर, ज्याला नाव नाही, मर्यादा नाही, ज्याच्यावर कायद्यात कलम नाही, असलं काही सापडलं तर मी लोकांना काय सांगू? आणि निस्तरायचं कुणी?" मला वाटलं बाई चिडतील. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर प्रश्न. म्हणून यंत्राचं नंतर बघू. आधी हे ठरवू, की सापडलं तर कुणी कुणाला फोन करायचा." आठ महिने त्या हेच करत होत्या. आपल्या दोन पोरींना शिकवलं, एकच पाणी तीन प्रयोगशाळांना पाठवून तिघांचं उत्तर जुळतं का बघितलं, आणि एक तक्ता बनवला. त्यात रकाने होते: खात्रीनं, बहुधा, आणि माहीत नाही. मी त्यांची पुस्तिका घरी नेऊन तीन वेळा वाचली. त्यात लिहिलं आहे की माहीत नसेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. आपल्या चिठ्ठीवर फक्त अधिक आणि उणे असायचं, आठवतं?

यंत्र काय करतं ते दाखवण्यासाठी त्यांनी जुन्या गोठवलेल्या बाटल्या मागितल्या. ज्या पाण्यावर मतभेद होतो त्याची दुसरी बाटली गोठवून ठेवायची, हा आपला नियम. ईदच्या आदल्या दिवसाची बाटली मीच ठेवली होती, लेबलावर माझंच अक्षर आहे. ती मी बाकीच्या बाटल्यांबरोबर दिली. याचं श्रेय मला देऊ नकोस. इतक्या दिवसांत मी स्वतःलाच पटवून टाकलं होतं की त्यात काही नव्हतं.

त्यात होतं. त्या बाटलीत होतं, आणि तू अधिक लिहीत राहिलीस म्हणून ठेवलेल्या नंतरच्या दोन आठवड्यांच्या बाटल्यांतही. कारखान्यांत यंत्रं पुसायला वापरतात तसल्या द्रावणाच्या जातीचं काहीतरी, 'बहुधा'च्या रकान्यात. आपल्या यादीत ते नाही. आपण पाणी घेतो त्या तेराप नदीत वरून कुणी सोडलं ते अजून कळलेलं नाही. पिणाऱ्यांतल्या कुणाला त्यानं काही झालं का, हेही कुणाला माहीत नाही, कारण त्या वेळी कुणी शोधलंच नाही. डॉ. तेओंनी मला विचारलं, "मक चिक, हे हुंगलं तर कसा वास येत असेल, ठाऊक आहे? नेलपॉलिश, पण गोड." माझ्या हातात ट्रे होता. मी तो खाली ठेवला.

सोमवारी समितीची सभा झाली. ही पद्धत राज्यानं घ्यायची की नाही, यावर शुक्रवारी सही व्हायची आहे, त्याआधीची शेवटची. बद्रुल साहेब वाईट माणूस नाहीत, तुलाही माहीत आहे. कोरड्या नळांचे फोन त्यांनाच घ्यावे लागतात. ते उठून म्हणाले, "यंत्राला दिसलं असेल. बाटलीचं असेल, बर्फाचं असेल, हातमोज्याचं असेल. पण हेच पाणी त्या दिवशी आमच्या मक चिक मुनाहनं हुंगलंय. बावीस वर्षं. हे नाक चुकलेलं मला एकदा दाखवा, मग मी यंत्र घेतो." मला त्यासाठीच बोलावून मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. सगळे वळले. डॉ. तेओंनी हळूच विचारलं, "मक चिक, तो दिवस आठवतो?" मी म्हणाले, आठवतो. "वास नव्हता?" मी म्हणाले, "मला आला नाही." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, याती, आणि त्याच्याएवढं खोटं मी जन्मात बोलले नाही. कुणीतरी टाळी वाजवली. डॉ. तेओंनी कागद गोळा केले आणि माझ्याकडे बघून मान लववली, जशी वडीलधाऱ्यांपुढे लववतात. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

घरी आले ती मगरिबच्या नमाजाआधी. कपाटातून एक पिशवी काढली. यासीनना हॉस्पिटलात नेलं त्या दिवशीचा त्यांच्या उशीचा अभ्रा मी न धुता तिच्यात बांधून ठेवला होता. बेलाचान जळाला त्या दिवशी एकदाच उघडला आणि लगेच बांधला. वास असलाच तर उडून जाईल, आणि नसला तर तो नाही हेही मला कळणार नाही, म्हणून पुन्हा कधी हात लावला नव्हता. ती पिशवी घेऊन मी लेचुमी अक्कांकडे गेले. त्या फुलं ओवत बसल्या होत्या. म्हटलं, अक्का, याला वास आहे का बघता? त्यांनी पिशवी उघडली, नाक घातलं, आणि म्हणाल्या, "आहे की. डिझेल. खोबरेल. आणि ती त्याची मेली लवंगेची सिगरेट. अगं हा तर..." आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "तुला येत नाही?" मी मानेनं नाही म्हटलं. "त्या शुक्रवारपासून? आणि ऑफिसात काय हुंगत होतीस गं इतकी वर्षं, साहेबाचं टक्कल?" असं म्हणाल्या आणि ओवलेली फुलं मांडीवरून खाली पडू देत त्यांनी मला जवळ घेतलं.

मी खूप रडले, पण तुला लिहायचं ते रडण्याबद्दल नाही. अक्का म्हणाल्या आहे, आणि मी लगेच मानलं. त्यांच्या नाकावर विश्वास ठेवून चार वर्षांनी मला माझा नवरा परत मिळाला. मी त्यांना पुरावा मागितला नाही, थट्टा केली नाही, फुलांच्या वासात बसलाय म्हणून असं वाटतंय असंही म्हणाले नाही. तिथे बसल्या बसल्या मला तू दिसलीस, तिसऱ्या चंबूचं टोपण नीट लावणारी.

येत्या काही दिवसांत तुला केंद्राकडून एक कागद येईल. त्या सकाळी तुला नेमका कसा वास आला, हे ते तुला पुन्हा विचारतील, कदाचित समितीपुढेही बोलावतील. तो कागद अचानक हातात पडून तू गोंधळू नयेस, आणि त्याच्या मागचं सगळं तुला साहेबांच्या नाही तर माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हे पत्र. मला क्षमा कर असं मी लिहीत नाही. तू काय करायचं ते तू ठरव. बोलावलं तर जा, एवढंच मागते, कारण तुझ्याइतकं ते पाणी अजून कुणीच ओळखलेलं नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी केंद्राच्या कपाटातून त्या सकाळच्या वास-तपासणीचा जुना तक्ता काढला आणि माझ्या सहीखाली लिहिलं: "हे पाणी हुंगलं तेव्हा मला कसलाही वास येत नव्हता, त्याआधी दीड वर्षापासून येत नव्हता, आणि मी ते लपवलं. वास होता. तो सुरियातीला आला होता." तारीख घातली, सही केली, आणि एक प्रत बद्रुल साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक डॉ. तेओंच्या हातात दिली, आणि तिसरी या पाकिटात घातली.

मक चिक म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
मुनाह